लाल गाडीचं विमान

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी तेव्हा मोहोपाड्याला एका केमिकल कंपनीत फिटर होतो आणि कंपनीच्याच वसाहतीत दोन खोल्यांत राहत होतो. चांगली चालणारी वस्तू उघडून बघायची मला जुनी खोड. बायको शेजाऱ्यांना सांगायची, यांना घड्याळ दाखवू नका, नुसते किती वाजले ते सांगा.

त्या दिवाळीला तिचा भाऊ आखातातून दोन महिन्यांच्या सुटीवर आला. आमच्या नऊ वर्षांच्या लेकीला त्याने रिमोटवर चालणारी लाल मोटारगाडी आणली. मला एक चपटं खोकं दिलं आणि म्हणाला, "दाजी, हे तुमचं खेळणं." आत थर्माकोलचं ग्लायडर होतं, दोन हात लांब पंखांचं. फेकलं की तरंगत जायचं आणि गवतात उतरायचं.

दोन दिवस मी ते फेकलं. तिसऱ्या दिवशी माझं लक्ष लाल गाडीकडे गेलं. तिच्यात मोटर होती, चार्जिंगचे सेल होते. एक बटण दाबलं की धावायची, दुसरं दाबलं की डावीकडे वळायची. विमानाला तरी आणखी काय लागतं? लेक आईबरोबर खालापूरला गेली होती. संध्याकाळी ती परत आली तेव्हा टेबलावर गाडीचं नुसतं लाल टरफल उरलं होतं.

ती रडली असती तर बरं झालं असतं. तिने ते टरफल उचललं, दप्तराशेजारी ठेवलं आणि माझ्याशी बोलणं बंद केलं. "बाबांना सांग, पाणी तापलंय," असे निरोप आईमार्फत यायला लागले. विमान उडालं की ते तुझंच, असं मी दोनदा सांगून पाहिलं. मला मनापासून वाईट वाटत होतं, आणि तरीही हात थांबत नव्हते, हेही खरं सांगायला हवं.

तेलाच्या प्लास्टिकच्या डब्यातून मी एक पट्टी कापली, गरम पाण्यात धरून तिला पीळ दिला आणि मोटरच्या टोकाला पंखा बसवला. गाडीची चाकं वळवणारी कॉइल शेपटीकडे नेली. सगळं जोडायला सायकलचं पंक्चर काढायचं सोल्युशन घेतलं, आणि पाच मिनिटांत माझ्या डोळ्यांदेखत थर्माकोल तव्यावरच्या लोण्यासारखं विरघळायला लागलं. पंखाच्या बुडाशी मूठ जाईल एवढं भोक पडलं. केमिकल कंपनीत बारा वर्षं काढलेल्या माणसाला एवढं ठाऊक नसावं, या विषयावर अख्ख्या वसाहतीचा आठवडाभर चहा झाला. बायकोने उरलेला भात कुस्करून खळ केली आणि पतंगाच्या कागदाचे थर देऊन भोक बुजवलं.

पुढच्या रविवारी आम्ही कळंबजवळच्या आमच्या गावी गेलो. भातकापणी उरकून शेतं मोकळी झाली होती, पडलं तरी नुसत्या धसकटांवर पडणार होतं. लेक आली ती आजोबांसाठी. रस्ताभर माझ्यापासून दहा पावलं लांब चालली आणि शेतात पोचल्यावर माझ्याकडे पाठ करून बांधावर बसली.

पहिल्या फेकीला विमानाने नाक वर केलं, क्षणभर अधांतरी थांबलं आणि शेपटीवर आदळलं. दुसऱ्यांदा तेच, तिसऱ्यांदाही तेच. मी मोटर तपासली, तारा तपासल्या, सेल तपासले. फिटर माणूस, जे बिघडलं नव्हतं ते सगळं तपासून झालं. वडील पलीकडे पेंढा बांधत होते. हातातलं काम टाकून ते आले, दोन बोटं दोन्ही पंखांखाली लावून त्यांनी विमान उचललं. शेपूट खाली गेली.

"कावडीला मागंच घागर लावून चालशील का रं?" ते म्हणाले. "पुढं घे ते सेल."

जन्मभर खांद्यावर कावड वाहिलेल्या माणसाला जे बोटांनी कळलं, ते मला पंधरा दिवसांत कळलं नव्हतं. सेल मी पोटात, मागच्या बाजूला ठेवले होते, तारा कमी लागतात म्हणून. ते नाकापाशी आणून सुतळीने बांधले. वडिलांनी पुन्हा बोटांवर धरलं. या वेळी विमान आडवं राहिलं.

मी वाऱ्यासमोर फेकलं. ते खाली आलं, धसकटांना लागतंय असं वाटलं, आणि मग शिवणाच्या मशीनसारखा आवाज करत वर चढलं. मी दुसरं बटण दाबलं, विमान डावीकडे वळलं. वडिलांच्या डोक्यावरून, पेंढ्याच्या उडव्यावरून मोठी फेरी मारून ते दोन बांधांपलीकडे उतरलं. मिनिटभरही झालं नसेल.

आणायला लेक धावली. परत आली तेव्हा धापा टाकत होती, फ्रॉकला कुसळं चिकटली होती. विमान तिने माझ्या हातात दिलं आणि रिमोट काढून घेतला.

"बाबा, तुमी फेका. बटनं मी दाबते."

त्या दिवशी सेल संपेपर्यंत मी फेकत राहिलो. दुसऱ्या दिवशी कंपनीत पाना धरताना खांदा दुखत होता आणि मी एकटाच हसत होतो.

मेव्हणा परत जायच्या आदल्या दिवशी आमच्याकडे जेवायला आला. इतक्या लांबून आणलेलं खेळणं मी लेकीला न विचारता मोडलं, हे त्याला कसं सांगायचं याची मी आठवडाभर तालीम केली होती. ताटावर बसल्याबसल्याच त्याने भाचीला विचारलं, "गाडी कुठाय गं?"

मी तोंड उघडलं, पण तिने मला बोलूच दिलं नाही. आतून विमान आणून तिने मामाच्या मांडीवर ठेवलं.

"मीच बाबांना सांगितलं गाडी मोडायला," ती म्हणाली.

बायकोचा वाढता हात थांबला. खोटं बोलू नये, हे लेकीला मीच शिकवलं होतं. त्या दिवशी मी मान वर केली नाही, फक्त माझ्या ताटातला लाडू उचलून तिच्या ताटात ठेवला.