कमरेला बांधलेली कात

देवपूरच्या एका कॉलेजात मी प्राणिशास्त्र शिकवते आणि सुटीत शिरपूरच्या वरच्या जंगलात सापांच्या नोंदी करते. बारा वर्षांत नोंदी पुष्कळ झाल्या, चुकाही झाल्या. त्यातली एक दुरुस्त करायला मला एका बाईच्या बाजेशेजारी तासभर गुडघे टेकून बसावं लागलं.

तीन वर्षांपूर्वी तिथल्या एका वनमजुराने मला मोबाईलवर फोटो दाखवला. त्यांना सगळे नाना म्हणतात. अंजनाच्या उंच फांदीवर तपकिरी साप, डोकं पानांआड. मी वहीत 'मांजऱ्या' लिहून मोकळी झाले. मांजरासारखी उभी बाहुली असलेला हा साप आमच्याकडे नेहमीचा. कुंपणात, छपरात, कुठेही निघतो. नाना म्हणाले, हा तो नव्हे. हा त्याच्या दुप्पट, झाडावरच राहतो, घरट्यांतली अंडी खातो. मी म्हटलं, लांबून सगळेच साप मोठे दिसतात.

"ताई, तुम्ही मोबाईलमा देखा. मी झाडवर देखेल शे," नाना म्हणाले.

त्यांचे सोबती हसले, आणि पुढे तीन वर्षं हसत राहिले. साधी धामण दिसली तरी विचारायचे, हाऊ नानाना साप शे का. त्या हसण्याला माझी वही कारण होती, हे मला माहीत होतं.

या वर्षी नानांचा निवृत्तीचा महिना आला आणि पाठोपाठ निरोप आला: कात सापडली आहे, लवकर या. त्याच अंजनाच्या ढोलीतून साप बाहेर पडताना त्यांनी पाहिला होता. फोटो याही वेळी जेमतेमच होता, पण ढोलीच्या तोंडाशी अडकलेली ओली कात त्यांनी अखंड सोडवून घरी नेली होती. मला तेवढं पुरे होतं. कातीवर खवल्यांचे ठसे जसेच्या तसे उतरतात. शरीराच्या मध्यावर, पोटाच्या रुंद पट्ट्या सोडून, या कडेपासून त्या कडेपर्यंत खवल्यांच्या किती रांगा भरतात ते मोजायचं. साध्या मांजऱ्याला एकवीसच्या आसपास, मोठ्या मांजऱ्याला पंचवीस किंवा जास्त. हा मोठा आमच्या भागातल्या सापांच्या यादीत नव्हता.

मी पोहोचेपर्यंत कात अखंड उरली नव्हती. नानांच्या बायकोने, अक्कांनी, तिचे तीन तुकडे केले होते. बरकतीसाठी डोक्याकडचा बियाण्याच्या कोठीत, शेपटीकडचा शेजारणीच्या कपाटात, आणि मधला चिंधीत शिवून सुनेच्या कमरेला. सुनेला नववा महिना लागला होता. कात कमरेला असली की बाळंतपण सोपं होतं, अशी तिथली समजूत. मी त्यावर भाषण दिलं नाही. दवाखान्यात तपासणीला जाते का, एवढं विचारलं. जात होती.

कोठीतला तुकडा उंदरांनी कुरतडला होता. शेपटीकडे रांगा कमी होत जातात, त्यामुळे तो उपयोगाचा नाही. राहिला कमरेचा. नाना सासरे, ते ओट्यावर जाऊन बसले. तीन वर्षं ज्या मोजणीची वाट पाहिली ती त्यांना बघता येणार नव्हती.

बाळंतपणाआधी दोऱ्याची गाठ सुटता कामा नये, अशी अक्कांची अट. मी म्हटलं, गाठ राहू द्या, चिंधीची शिवण उसवा. त्यांनी थोडा विचार केला आणि कात्री आणली. सून बाजेवर कुशीवर झाली. कोरडी कात पापडासारखी मोडते, म्हणून मी ओल्या कापसाने ती हळूहळू भिजवली, उलगडली, आणि भिंग डोळ्याला लावून टाचणीच्या टोकाने मोजायला लागले. सुनेला गुदगुल्या व्हायला लागल्या.

"इतलं शिकीसन शेवटे मन्ही सूननी कंबरलगून पोहचनी, साप मोजाले," अक्का म्हणाल्या. सून आणखीच हसली आणि टाचणी सरकली.

पहिल्या मोजणीत सव्वीस आले. हे चूक. कण्यावर एकच रांग आणि दोन्ही बाजूंना सारख्याच, म्हणजे आकडा विषम यायला हवा. मी सुनेला श्वास धरायला सांगितलं, पण नवव्या महिन्यात ते फार जमत नाही. मग चार-चार रांगांवर थांबत मोजलं. सत्तावीस. उलट बाजूने मोजलं, पुन्हा सत्तावीस. पट्टी शेजारी धरून फोटो काढले. अक्कांनी चिंधी पुन्हा शिवली. नमुना कुठे ठेवला आहे, या रकान्यात मी 'घरी, वापरात' असं लिहिलं. दुसरं काही लिहिणं खोटं ठरलं असतं.

ओट्यावर येऊन नानांना आकडा सांगितला. मोठा मांजऱ्या, पाहणारे म्हणून तुमचं नाव, हुद्द्यासकट. त्यांनी मान हलवली.

"मंग आते तुम्हनं जुनं लिखेल खोडा."

मी जुनी वही काढली. म्हटलं, माझं खोडते, पण तिथे तुमचा साप लिहिता येणार नाही, कारण त्या फोटोवरून काहीच ठरत नाही. 'ओळख अनिश्चित' एवढंच लिहीन. नानांना ते पटलं नाही. साप तोच, झाड तेच, मग अनिश्चित कसलं, असं ते दोनदा म्हणाले. मी जागची हलले नाही. शेवटी त्यांनी वही स्वतःच्या मांडीवर ओढली, माझ्या अक्षरातल्या 'मांजऱ्या'वर बोट ठेवलं आणि पेन माझ्या हातात दिलं. मी एक सरळ रेघ मारली आणि खाली सही केली. रेघ नीट उमटली का, हे त्यांनी वही तिरकी धरून बघितलं.