दम खाणारी गाडी

बाबांनी हॉर्नविरुद्ध पत्रक काढलं होतं. दवाखान्यापुढं, शाळेपुढं, कुणाच्याही दारात हॉर्न वाजवणं ही दादागिरी आहे, असं त्यात ठणकावून लिहिलं होतं. मग स्वतःच्या दारात ते हॉर्न कसा वाजवणार? येडशीच्या आमच्या घरापुढं गाडी उभी करून ते इंजिन चालूच ठेवायचे आणि मागच्या सीटवरचे पत्रकांचे गठ्ठे आवरत बसायचे. इंजिनाचा आवाज चढायचा, उतरायचा, आता बंदच पडतंय असं वाटायचं आणि पुन्हा चढायचा. तेवढ्यात आई फाटक उघडायला आलेली असायची.

बाबा गेले त्याला वर्ष झालं. गाडी आता मी चालवते. पत्रकंही मीच लिहिते.

मागच्या महिन्यात आईचे डोळे दाखवायला सोलापूरला निघालो होतो. तुळजापूरच्या घाटात ट्रकमागं वेग कमी केला आणि गाडी बंद पडली. मागून भाविकांची बस येत होती. ती कशी थांबली, ते त्या ड्रायव्हरलाच ठाऊक.

घरी आल्यावर मी म्हणाले, "उद्या गाडी मिस्त्रीकडं."

"राहू दे की," आई म्हणाली. "चालतीय न्हवं?"

मी भडकले. जुनं म्हणून मोडकंही जपायचं, या खुळाविरुद्ध मी स्वतः लिहिलेलं आहे. पण आई भांडलीच नाही. नुसती गाडीकडं बघत राहिली.

धाराशिवचे मिस्त्री बाबांच्या वयाचे. त्यांनी प्लग काढून पाहिले, ते ठीक होते. मी मधेमधे शंका काढू लागले तसे म्हणाले, "पोरी, भाषण मागनं कर. आधी गाडीला बोलू दे."

इंजिन चालू ठेवून त्यांनी कार्बोरेटरच्या बुडाशी स्प्रे मारला. एका जागी मारताच धडपडणारा आवाज क्षणभर सरळ झाला.

"हितून हवा ओढतीय. फुकटची हवा आत गेली की इंजिनाला काय कळंना."

गाडी बंद करून त्यांनी कार्बोरेटर उचलला. खाली फट बुजवायला घातलेली पिवळ्या जाड कागदाची पॅकिंग होती, आकसलेली, एका बाजूला फाटलेली. तिच्यावर छापील अक्षरं होती.

"आरं देवा! तुझ्या बापानं पत्रकाची पॅकिंग घातलीय!" मिस्त्री हसत सुटले. "मला म्हणले हुते, आमचं आम्ही भागवलं."

गाडी अडली असणार, सभेची वेळ झाली असणार आणि बाबांनी हाताशी असलेलं पत्रकच कापलं असणार. बोल्टचं एक भोक आधी चुकीच्या जागी पडलं होतं, मग शेजारी दुसरं पाडलेलं.

"काका, ती मला द्या."

पण कागद धातूला चिकटून बसला होता. पात्यानं खरवडताना तुकडे झाले. माझ्या हातात नखाएवढा पिवळा तुकडा आला.

नवी पॅकिंग बसली. कान लावून मिस्त्रींनी स्क्रू फिरवला. इंजिन एका सुरात चालू लागलं. आणि मी, खुळाविरुद्ध लिहिणारी, विचारून बसले, "थोडासा तसाच नाही का ठेवता येणार आवाज?"

"आजार ठिवून औषध देऊ व्हय?" ते म्हणाले. मग माझ्याकडं न बघताच हात पुसत राहिले.

संध्याकाळी मी घरापुढं थांबले. गाडी इतकी शांत चालत होती की कुणी आलंय हे शेजारच्या कुत्र्यालाही कळलं नसेल. फाटक उघडलं नाही. हात हॉर्नवर गेला आणि मागं आला. मग मी अॅक्सिलरेटर दाबला, सोडला. पुन्हा दाबला, सोडला.

आई घाईनं आली, ओल्या हातांनी. फाटकाची कडी काढली आणि काचेतून मला पाहिलं. मला वाटलं, आता रागावेल.

"लई घाई करतीस," ती म्हणाली. "त्यांची गाडी मधी दम खायाची. पुन्यांदा कर."

मी पुन्हा दाबला, पाय उचलला आणि दम खाण्यापुरती थांबले.