बिजलीबाईंच्या टोपलीतली अंडी

बोरी अरबजवळच्या तांड्यात बिजलीबाईंनी बसवलेली अंडी सहसा वाया जात नसत. कोंबडी खुडूक झाली की त्या धान्याच्या कोठीमागे टोपलीत भुशासारखं कुटार पसरून अंडी मांडत. दुपारी कोंबडी दाणे टिपायला उठली की हात घालून चाचपत. डोळ्यांत मोतीबिंदू होता, त्यामुळे भरवसा सगळा बोटांवर.

या खेपेला तेरा अंडी ठेवली होती. दहाव्या दिवशी दोन कमी भरली, तेराव्या दिवशी आणखी दोन. टरफल कुठे नाही, सांडलेलं काही नाही. मग चोर माणूसच, आणि तीही शेजारची हंसाबाई, असं त्यांच्या मनाने घेतलं. चार बायांसमोर त्या तिला बोलल्या. हंसाबाई घरात निघून गेली.

अठराव्या दिवशी कोंबडी अंगणात पिसं फुलवून ओरडत होती. हाकललं तरी आत जाईना. अंडी थंड पडतील म्हणून बिजलीबाई कोठीमागच्या अंधारात वाकल्या आणि टोपलीत हात घातला. एक अंडं, दुसरं अंडं. तिसऱ्या जागी काहीतरी गार, मऊ, मनगटाएवढं जाड लागलं. ते हळूच सरकलं आणि त्यांच्या हातावर आलं.

हात ओढण्याची हिंमत होईना. पोलकं घामाने पाठीला चिकटलं.

"याडी, काय झालं?" सून बबिता दारातून म्हणाली.

"आत येऊ नोको. जनावर हाय. हंसाबाईच्या फकिराले बोलाव."

हंसाबाईचा पोरगा फकिरा साप धरायचा. तो येईपर्यंत बिजलीबाई तशाच वाकून होत्या, हातावरचं ओझं जरा हललं की श्वास रोखत. त्याने आकड्याने ओझं उचललं तेव्हा नागाच्या पोटात दोन फुगवटे दिसले.

"पोट भरेल हाय, म्हणून सुस्त पडला," तो म्हणाला.

बिजलीबाई भिंतीला टेकून बसल्या. पोराच्या मागोमाग आलेली हंसाबाई टोपलीजवळ गेली.

"तुही कोंबडी आता बसत नाही. माही लाल कोंबडी खुडूक हाय, तिच्याखाली ठेवतो."

"मी तुले चोर म्हटलं," बिजलीबाई म्हणाल्या.

"म्हटलं. पण अंडी थंडी होऊन राह्यली, आधी थे नेऊ दे."

सातांपैकी पाच पिल्लं निघाली. बबिताने कोठीमागचं बीळ काचा आणि चिखल घालून बुजवलं. तरी बिजलीबाई आता पिठाच्या डब्यातसुद्धा आधी काडी घालतात. घरात कोंबडी बसली की हंसाबाईला हाक मारतात. ती अंडी चाचपते, तोवर या दाराबाहेर उभ्या असतात, दोन्ही हात पदरात गुंडाळून.