बंदुकीची खोळ

आष्टीच्या घरात केशरआत्या सकाळी उठली की चुलीपाशी जायच्या आधी भिंतीवरच्या बंदुकीवरून हात फिरवायची. नळीच्या टोकापासून दस्त्यापर्यंत, एकदाच, न बघता. गाभण गाईच्या पाठीवरून फिरवावा तसा. मग शेंदूर लागलेलं बोट तसंच ठेवून चहाचं आधण टाकायची. कोरं कपाळ आणि लालसर बोट, अशीच ती मला आठवते.

ती माझ्या वडिलांची, म्हणजे सर्जेराव अण्णांची, थोरली बहीण. लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी नवरा वारला. ती माहेरी आली आणि आजोबांबरोबर शेत राखू लागली. ओढ्याकाठच्या आमच्या शेतावर रानडुकरांचा फार जीव. ज्वारी हुरड्यात आली की माळ्यावर बद्रीनाथ आजोबा, त्यांच्या मांडीवर बंदूक आणि शेजारी आत्या, असा मुक्काम पडायचा. आजोबा गेले तोवर जमीन मुलांच्या नावावर होऊन गेली होती. मरणापूर्वी चार माणसांदेखत ते एवढंच म्हणाले, "बंदूक केशरची. तिनं माझ्यासंगं जागून राखलंय." आत्याने जमिनीत वाटा मागितला नाही, म्हणून भावांनीही बंदुकीत मागितला नाही. जगात आत्याच्या नावाचं जे काही होतं, ते एवढंच.

आणि तेही धड तिच्या नावाचं नव्हतं. परवाना आजोबांचा होता, निजामाच्या काळातला, उर्दूत लिहिलेला. आजोबा गेले त्याच्या मागोमाग आमचा परतूर तालुका परभणीतून निघून नव्या जालना जिल्ह्यात आला. माणसाबरोबर त्याचा परवानाही मरतो, हे आत्याला कुणी सांगितलं नव्हतं. निवडणूक आली की गावातली हत्यारं ठाण्यात जमा करून घ्यायला हवालदार यायचा.

"बंदूक कुणाची?"

"वडलांची."

"वडील कुठं हायेत?"

आत्या आढ्याकडे बोट दाखवायची. हवालदार हसायचा, चहा प्यायचा आणि जायचा. अशा कितीतरी निवडणुका गेल्या. शहाण्णवच्या उन्हाळ्यात भुजंग नावाचा हवालदार आला आणि तो हसला नाही.

"बाई, मेलेल्या माणसाची बंदूक जित्या माणसाच्या घरात ठेवता येत न्हाई."

"मंग काय त्यांच्यासंगं जाळायची व्हती?"

"तसं न्हाई. चालती असंल तर जमा करा. जुनी-पुराणी, निकामी असंल तर जालन्याला हत्यारांचा जाणकार हाय, त्याच्याकडून तसं लिहून आणा. मतदानाच्या आधी, बराबर. कोणत्या सालची हाय?"

आत्याने अण्णांकडे बघितलं. अण्णा याच प्रश्नाची वाट बघत होते.

"सत्तावन सालची," ते म्हणाले. "अठराशे सत्तावन. आमच्या पणज्यानं जालन्याच्या छावणीत गोऱ्या साहेबाच्या हातातून हिसकली."

ही गोष्ट अण्णा प्रत्येक लग्नात सांगत. माझ्या चुलतबहिणीच्या लग्नात तर त्यांनी साहेबाला घोड्यावरूनही पाडलं होतं. शेजारचा मच्छिंद्र फौजेतून निवृत्त होऊन आलेला, तो ओसरीवरूनच म्हणाला, "हॅट्, थ्री नॉट थ्री हाय. माझ्या हातात अशा लई आल्त्या." शाळेचे हेडमास्तर म्हणाले, निजामाच्या पोलिसांची असणार. दोन दिवस आमच्या ओसरीवर येणारा प्रत्येक माणूस एक साल ठेवून गेला. खरं म्हणजे बंदूक कुणालाच दिसत नव्हती.

ती शेंदरात होती. एका दसऱ्याला आजोबांनी हळद-कुंकवाऐवजी तिला तेलात कालवलेला शेंदूर लावला. त्या वर्षी डुकरं शेताकडे फिरकली नाहीत. झालं. पुढे दर दसऱ्याला आजोबांनी आणि त्यांच्यामागे आत्याने थरावर थर दिले. घोडा, खटका, पट्ट्या, सगळं त्या बोटभर लेपाखाली एकजीव झालं होतं. आणि आमच्याकडे शेंदराच्या देवाची खोळ माणूस काढत नाही. वर्षानुवर्षं साचलेला तो थर देव आपणहून टाकतो. एखाद्या सकाळी तो देवाच्या पायाशी पडलेला दिसतो, मग गाव वाजतगाजत जाऊन तो नदीत सोडतं. बंदुकीचंही तसंच व्हायचं, यात आत्याला काडीची शंका नव्हती.

मी तेव्हा एम.ए.ला होते आणि सुट्टीत घरी आले होते. इंग्रजी अक्षरं वाचायला लागतील म्हणून मला बरोबर घेतलं. भुजंग हवालदाराची चिठ्ठी अण्णांच्या खिशात आणि गोधडीत गुंडाळलेली बंदूक आत्याच्या मांडीवर, असे आम्ही एस.टी.त बसलो.

"हे काय?" कंडक्टरने विचारलं.

"देव हाय," आत्या म्हणाली.

"अर्धं तिकीट लावू का मंग देवाला?"

अण्णांनी चिठ्ठी दाखवली. कंडक्टरने ती वाचली आणि परतूर येईपर्यंत आमच्या बाजूला आला नाही.

जालन्याला पोलिसांची हत्यारं दुरुस्त करणारे देवानंद नावाचे गृहस्थ होते. चष्मा कपाळावर, हाताला ग्रीस. त्यांनी गोधडी उलगडली आणि चष्मा खाली न घेताच म्हणाले, "मला बंदूक दाखवा. म्हसोबा कशाला आणलाय?"

"हीच बंदूक हाय," आत्या म्हणाली.

"असेल. पण माझ्याकडे एक्सरे थोडाच आहे? शिक्के बघावे लागतात, नळी बघावी लागते." त्यांनी टेबलावरची पटाशी उचलली. ती शेंदराला टेकायच्या आत आत्याने त्यांचं मनगट धरलं.

"हात लावू नका. ती टाकंल तवा टाकंल."

"कधी टाकेल?"

"ते मी कसं सांगू?"

देवानंदांनी माझ्याकडे बघितलं, बहुधा मी शिकलेली दिसत होते म्हणून. मी आत्याला समजावू लागले, तर अण्णा मध्ये पडले. "आक्काचं बिलकुल बराबर हाय. देवाधर्माची गोष्ट. साल तर आमाला ठाऊकच हाय, तुम्ही फक्त लिहून द्या." बहीणभावाचं इतक्या वर्षांत पहिल्यांदाच एकमत झालं होतं. तिला खोळ मोडायची नव्हती आणि त्यांना खोळीखालचं बघायचं नव्हतं. त्या दोघांच्या मध्ये बसून मला वाटलं, ही बंदूक खरंच चालती असती तर बरं झालं असतं.

"मग ठेवून जा," देवानंद म्हणाले आणि त्यांनी मागचं दार ढकललं.

आत जमा झालेल्या बंदुका होत्या. कोपऱ्यात सरपणासारख्या रचलेल्या, एकीवर एक. काहींना सुतळीने पुठ्ठा बांधलेला, काहींची नुसती सुतळी उरलेली. आत्या दारात उभी राहून बघत होती.

"ह्या कुणाच्या?"

"ज्यांच्या होत्या त्यांच्या. मालक आले की ओळखून नेतात. काही येत नाहीत, काहींना ओळखू येत नाही."

आत्याने गोधडीची गाठ मारली. "मी पुन्हा येते," ती म्हणाली. येताना परतूरला अण्णांनी आणलेला उसाचा रसही तिने घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठले तर ती गोठ्याच्या पत्र्यावर चढली होती. बंदूक पत्र्यावर आडवी होती आणि आत्या तिच्यावर करडईचं कोमट तेल सोडत होती. वैशाखातला पत्रा, नऊ वाजताच त्यावर पापड भाजला असता.

"आक्का, हे काय करून राह्यलीस?" अण्णा खालून ओरडले.

"काय न्हाई. ऊन दाखवून राह्यले."

"खोळ सुटंल!"

"सुटू दे. मी का वढून राह्यले?"

"हे खरवडल्यावानीच झालं!"

"खरवडलं तर माझा हात लागला असता. ऊन कुणाचं हाय? देवाचं. देवाचं देवानं बघावं, तू उतर खाली."

"मी खालीच हाय!"

"मंग तिथंच ऱ्हा."

पुढचे दिवस घरात कुणाला सुख नव्हतं. आत्या जेवायला खाली आली की अण्णा शिडी लावून बंदुकीवर पोतं टाकत. आत्या वर गेली की पोतं अंगणात येऊन पडे. "उन्हानं तडा जाईल असं वाटलं," अण्णा म्हणत. आई दोघांनाही भाकरी वाढत होती आणि दोघांशीही बोलत नव्हती. मतदान जवळ आलं होतं. भुजंग हवालदार रोज सायकलवरून फाटकाशी थांबून विचारी, "टाकली का?" आणि अख्खी गल्ली उत्तर देई, "न्हाई अजून!"

मग एका दुपारी सगळे पेंगत असताना पत्र्यावर टणकन आवाज झाला आणि घरंगळत काहीतरी अंगणात पडलं. आत्या माझ्या आधी पोचली. कौलासारखा, तळव्याएवढा शेंदराचा तुकडा होता. वरून गुळगुळीत, आतून लोखंडाचा ठसा घेतलेला. इतक्या दसऱ्यांचा लेप त्या लोखंडाला इतका चिकटून राहिला होता की लोखंडावरची अक्षरं लेपाच्या अंगात उतरली होती. एक मुकुट होता, त्याखाली अक्षरं आणि आकडे, आरशातल्यासारखे उलटे. मी तो तुकडा उन्हाकडे धरून बघत राहिले. मला त्याबद्दल काहीतरी बोलावंसं वाटत होतं.

"काय लिव्हलंय?" आत्याने विचारलं.

"सगळं उलटं आहे, आत्या."

"मंग सुलटं वाच की. बंदूक वरच हाय."

उरलेली खोळ संध्याकाळपर्यंत आपसूक सुटली. आत्याने सगळे तुकडे परडीत गोळा केले आणि अण्णांना न विचारता गोदावरीला जाऊन सोडून आली. मग आम्ही पुन्हा जालन्याला.

या वेळी देवानंदांनी चष्मा खाली घेतला. घोड्याखालची पट्टी चिंधीने पुसली, नळीत बॅटरी मारली, मागचं झाकण उघडून बोट आत फिरवलं. अण्णा त्यांच्या श्वासाबरोबर श्वास घेत होते.

"अठराशे एकसष्ट," देवानंद म्हणाले.

"सत्तावन," अण्णा म्हणाले.

"एकसष्ट. हा बघा आकडा."

"घासलं गेलंय ते. ते सहा न्हाई, पाच हाय."

"आणि शेवटचा एक?"

"तो सात हाय. डोकं झिजलंय."

देवानंदांनी पुढे बोलायला सुरुवात केली, जणू अण्णा खोलीत नव्हतेच. मूळची तोंडाकडून दारू ठासून भरायची बंदूक. काही वर्षांनी कारखान्यात नळी मागून कापली आणि हे झाकण बसवलं, मागून काडतूस घालता यावं म्हणून. नळीत आतून तीन आटे, पीळदार खाचा, आहेत, म्हणजे रायफलच. झाकणातली सुई मात्र मोडून गेलेली, आणि हिचं काडतूस आता मिळत नाही.

"शेवटची कधी उडवली?"

"कधीच न्हाई," आत्या म्हणाली.

अण्णा वळले. "कधीच न्हाई? अन् बाबांनी डुकरं मारली ती?"

"डुकरं कुठं मारली? आम्ही तेलाचा डबा बडवायचो. बंदूक मांडीवर असली की बाबांना डबा बडवायची लाज वाटत न्हवती, एवढंच."

अण्णा स्टुलावर बसले. पण देवानंदांचं संपलं नव्हतं. त्यांनी नळीच्या बाजूला नख टेकवलं. तिथे दोन बारीक बाण होते, टोकाला टोक लागलेले. "एक बाण असला की माल सरकारचा. दोन असे समोरासमोर आले की सरकारने तो विकून टाकला. ही मोडीत निघाल्यावर तुमच्या पणजोबांनी विकत घेतलीय. बहुतेक लिलावात."

मी अण्णांकडे बघायचं टाळलं. साहेब घोड्यावरून पडला होता तो आता उठून, कपडे झटकून, निघून गेला होता.

"इकत घेतली?" आत्याने विचारलं.

"हो."

"पैसे देऊन?"

"फुकट कोण देतंय, बाई?"

आत्याचा चेहरा उजळला. मी तिला इतकं मोकळं हसताना पूर्वी बघितलं नव्हतं. "मंग झालं की! हिसकलेली असती तर उद्या कुणी परत मागितली असती. इकत घेतली म्हंजी आपलीच." मग अण्णांना म्हणाली, "ऐकलं का सर्ज्या? आपलीच हाय."

"चार वर्सांनी चुकलं," अण्णा म्हणाले. "नुसतं चार वर्सांनी." पुढची दोन लग्नं ते काही बोलले नाहीत. तिसऱ्यात त्यांनी लिलाव सांगितला, आणि त्यात पणज्याने साहेबाला बोलीत हरवलं.

देवानंदांनी निकामी आणि पुराणी असल्याचं लिहून दिलं. भुजंग हवालदाराने ते वाचलं, चहा प्यायला आणि बंदूक भिंतीवर राहिली. त्या दसऱ्यापासून आत्या शेंदराचा एकच ठिपका लावू लागली, दस्त्यावर, शिक्क्यांपासून लांब. खोळ पुन्हा साचू द्यायची तिची तयारी नव्हती.

तरी कटकट संपली नाही. हवालदार बदलायचे, निवडणुका यायच्या आणि कागद हातात असूनही प्रत्येकाला पहिल्यापासून ऐकायचं असायचं. आत्या उभ्या उभ्या सांगायची: अठराशे एकसष्ट, आधी तोंडानं भरायची, मंग मागून कापली, सरकारनं इकली, आमी घेतली, आता आपली. "दर खेपंला तेच," ती मला म्हणायची, "एकानं दुसऱ्याला सांगायला काय व्हतं यांना?" पण 'आपली' हा शब्द ती दर खेपेला जरा सावकाश उच्चारायची.

दोन हजार चारच्या उन्हाळ्यात एक कोवळा शिपाई आला. मी तेव्हा आष्टीतच होते. आत्याने सगळं सांगितलं. त्याने कागद बघितला आणि म्हणाला, "मावशी, मला ती डोळ्यांनी बघायला पायजे, साहेबांनी सांगितलंय." आत्याने एक लांब सुस्कारा सोडला आणि दारातून बाजूला झाली. त्याने बंदूक बघितली, काहीतरी लिहून घेतलं, गेला. मग ती जरा पाठ टेकायला खाटेवर पडली आणि दिवेलागणीला मी हाक मारली तेव्हा उठली नाही. म्हणजे तिचं शेवटचं बोलणं झालं ते त्या पोराशी, तो उंबऱ्यावर पाय ठेवत असताना.

"बूट भायेर काढ रं बाबा. आत्ताच सारवलंय."