पौषातली लू

"ताईले लू लागली, लवकर या!" कामठीच्या शाळेतून फोन आला आणि नागपुरातल्या सदर भागातल्या ऑफिसातून निघाल्यापासून मी रस्ताभर एकच घोकत होतो... लू नाही, लू नाही. डोक्यातली नसच फुटली होती. माझी मोठी बहीण कुमुदताई बावन्नाव्या वर्षी गेली, त्याला आता आठ आठवडे होतील.

आमच्या घरात माणसं लवकर जातात. आजोबा मे महिन्यात वावरात कोसळले, बाबाही मे महिन्यातच, स्कूटरवरून. दोघांनीही पन्नाशी पाहिली नाही. लू लागली, म्हणजे नागपूरचं ऊन बाधलं, दुसरं काय असणार? लू लागू नये म्हणून आम्ही भावंडं खिशात कांदा ठेवूनच वाढलो. मग एका पौषात काका रजई पांघरून चहा पिता पिता गेले, लोक तेव्हाही लूच म्हणाले, आणि शाळेत विज्ञान शिकवणारी ताई तेरवीच्या पंगतीतच उठून उभी राहिली. "पौषात कशी लू लागते गा?"

त्या दिवसापासून तिच्या अंगात वारं शिरलं. कोणाला ब्लडप्रेशर होतं, कोण तंबाखू-सुपारीचा खर्रा खायचं, सारं विचारून तिनं डॉक्टरांपुढे मांडलं. ते म्हणाले, ही लू नाही, डोक्यातली नस फुटत असावी, आणि त्याला एकच कारण नसतं. वाढलेला रक्तदाब आणि तंबाखू नसा कमजोर करतात, आणि काही घराण्यांत नसेची भिंत मुळातच कच्ची असू शकते. बाहेर येताच ती भर रस्त्यात ओरडली, "पाह्य, सापडलं न!"

माझा खर्रा तिनं नाल्यात फेकला आणि मला ओढत तपासणीला नेलं. मशीनआधी खिसे रिकामे केले, तर कांदा निघाला. ताई हसून बेजार! पण फोटोत माझ्या डोक्यातल्या नसेवर फुगवटा दिसला, ऑपरेशन झालं, आणि हे लिहायला मी उरलो. स्वतःची तपासणी मात्र ती ढकलत राहिली. "पोरांचे पेपर होऊ दे..." मला तिचा अजून राग येतो.

तिची मुलगी ऋचा तपासणीचं नावही काढू देत नव्हती. "काही निघालं तं काय करू, मामा?"

"तं माह्यासारखी जगशील वं!"

गेल्या आठवड्यात आली एकदाची. नर्सनं खिसे रिकामे करायला सांगितले, आणि पोरीनं एक छोटा कांदा माझ्या हातावर ठेवला. "आईच्या पर्समधला आहे." म्हणजे मला हसणारी बाईही कांदा बाळगून होती!

पुढेही तपासत राहा, डॉक्टर म्हणाले, पण आज नसा साफ आहेत. मी तिथंच ओरडलो, "ताई, पोरगी पास!" लोक वळून पाहू लागले, तेव्हा कळलं, कांदा अजून माझ्या मुठीतच होता.