थोर होता की थोर आहे

जिवंत माणसाला 'होता' म्हणायचं नाही, असा आमच्या घरात नियम होता.

नियम ह्यांचा. ह्यांचे वडील आजारी असताना नागपूरहून मोठ्या दिरांचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर ते म्हणाले, "बाबा फार समाधानी होते रे." त्या एका 'होते'वरून ह्यांना कळलं. पुढचं दिरांना सांगावंच लागलं नाही. हे रिसीव्हर हातात धरून भिंतीकडे बघत उभे राहिले. तेव्हापासून कुणी सहज जरी "शेजारचे काका चांगले होते" म्हणालं, तरी हे अडवायचे. "होते म्हणजे? फ्लोरिडाला मूव्ह झालेत फक्त. आहेत म्हणा."

पार्सिपनीत आमची हयात गेली, पण इथल्या अमेरिकन फुटबॉलचं वेड ह्यांना लावलं ते भाऊजींनी. भाऊजी म्हणजे ह्यांचे जुने मित्र. मेंदूविकारांचे डॉक्टर, आता निवृत्त. सीझन सुरू झाला की दर रविवारी दुपारी आमच्या सोफ्यावर त्यांची हजेरी ठरलेली, आणि वादही ठरलेला. वादाचा विषय एक क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा, सगळी टीम चालवणारा गडी. तो खेळ सोडून घरी बसला त्याला जमाना झाला, पण हे दोघे काही त्याला निवृत्त होऊ देईनात.

भाऊजींचं म्हणणं, माणूस थोर आहे. पडेल टीम त्याने फायनलपर्यंत नेली, अंगावर धटिंगण कोसळले तरी झटकून उभा राहिला. ह्यांचं म्हणणं, मोठा आहे, थोर नाही. कारण तो शेवटचा पास. फायनल संपत आलेली, उजवीकडे आपला गडी मोकळा उभा, आणि पठ्ठ्याने चेंडू टाकला तो थेट समोरच्या टीमच्या हातात. "नेमक्या वेळी ज्याला आपला माणूस दिसत नाही, तो थोर कसा?" हे ह्यांचं कायमचं वाक्य. मी स्वयंपाकघरातून म्हणायचे, अहो, त्या बापड्याला तुमचं सर्टिफिकेट कुठे हवंय? पण ऐकतो कोण.

गेल्या वर्षभरात मात्र हे निवळले. मुलीने फोनवर काही सांगितलं की "बरोबर आहे." मी पडदे बदलूया म्हटलं की "बदलूया." मंडळातल्या बायका म्हणायच्या, काका किती शांत झालेत, भाग्यवान आहात. खोटं कशाला सांगू, मीही सुखावले होते. जन्मभर ह्यांचा 'पण' ऐकून कान किटले होते. वय झालं, खोड जिरली, असं मी मनाशी धरून चालले.

त्या रविवारी, नोव्हेंबरात, त्याच क्वार्टरबॅकचा सत्कार होता. मॅचच्या मधल्या सुट्टीत त्याला मैदानात आणलं. केस पांढरे, खांदे अजून रुंद. माइकवर दोन वाक्यं नीट बोलला आणि तिसऱ्याच्या मध्येच थांबला. स्टेडियम टाळ्या वाजवत राहिलं. शेजारी उभ्या बायकोने त्याची बाही ओढली, कानात काही सांगितलं, आणि तो कुणीतरी फोटो काढत असल्यासारखा हसला. मला उगीच कसंतरी झालं. मी भज्यांचं पीठ कालवायला वळले.

"आता तरी कबूल कर, यार," भाऊजी म्हणाले.

"थोरच होता," हे म्हणाले.

भाऊजींनी मांडीवर थाप मारली. वहिनी, काहीतरी गोड आणा, तुमचा नवरा हरला, असं ओरडले. माझा हात पिठातच थांबला. हरण्याचं काही नव्हतं. तो माणूस पडद्यावर उभा होता, जिवंत, हात हलवत, आणि हे त्याला 'होता' म्हणाले होते.

"आणि तो लास्ट पास? तो माफ केलास?" भाऊजींनी हसत विचारलं.

"कुठला पास?"

अगदी अदबीने विचारलं ह्यांनी, नवीन ओळख झालेल्या पाहुण्याला विचारावं तसं. मला वाटलं, चेष्टा करताहेत. मी भाऊजींकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावरचा मित्र निघून गेला होता आणि डॉक्टर येऊन बसला होता.

त्यांनी टीव्हीचा आवाज बंद केला. मग सहज विचारावं तसं एकेक विचारत गेले. नातीच्या नाचाच्या अरंगेत्रमला आपण कुठे गेलो होतो, गाडी कोणी चालवली होती. हे प्रत्येक प्रश्नाला मान हलवत होते, "हो, हो, बरोबर." एकाचंही उत्तर देत नव्हते. बाहेर पाच वाजायच्या आतच अंधारून आलं होतं. दिवा लावायचं मला सुचलं नाही. खरं म्हणजे मला तो लावायचा नव्हता.

भाऊजी माझ्याकडे वळले. "वहिनी, हल्ली हा तुमच्याशी वाद घालतो का?"

"छे हो, आता कुठले वाद?" मी म्हटलं. "पूर्वी फार भांडखोर होते."

शब्द तोंडातून गेला तो गेलाच. भाऊजींनी नजर खाली घातली. मी ह्यांच्याकडे पाहिलं. आता अडवतील, म्हणतील, होते म्हणजे? मी इथे बसलोय ना? एवढं एकदा खेकसले असते तर मी देवापुढे साखर ठेवली असती. मी थांबले. पिठाचा हात तसाच धरून ह्यांच्यासमोर उभी राहिले.

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. ओळखीचं काही शोधावं तसं जरा वेळ पाहिलं. मग मघाच्या त्या पडद्यावरच्या माणसासारखे हसले आणि मान डोलावली.

"होता," हे म्हणाले. "थोरच होता."