ओट्यावरून एकवीस किलोमीटर

सारसोळ्यातल्या मुक्ताबाई पहिल्यांदा पळताना दिसल्या तेव्हा गावाला वाटलं, बाईंची बस चुकतेय.

पंचेचाळिशी ओलांडलेली, अंगाने भरलेली आणि आवाजाने त्याहून भरलेली मासळीवाली बाई सकाळी ओढणी कमरेला आवळून तलावाच्या कडेने धावते, याला दुसरं कारण काय असणार? खरं कारण होतं रक्तातली साखर. डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं. चालण्याचा त्यांना कंटाळा यायचा, म्हणून त्या पळाल्या, आणि मग थांबेनात.

तलावावर त्यांना क्षिप्रा भेटायची. ती नेरूळच्या एका सोसायटीत राहणारी फिजिओथेरपिस्ट आणि मुक्ताबाईंचं जुनं गिऱ्हाईक. सुरमईची तुकडी जाड की पातळ, यावरून दोघींचं नेहमी वाजायचं. क्षिप्राच म्हणाली, "मुक्ताताई, डिसेंबरात पाम बीच रोडवर हाफ मॅरेथॉन आहे. एकवीस किलोमीटर. करता?"

"येकवीस? धक्क्यावरून मासळीची पाटी घेऊन याची हाय का?"

"नुसतं पळायचं."

"मग सोपं हाय," मुक्ताबाई म्हणाल्या आणि नाव देऊन मोकळ्या झाल्या.

घरी मात्र ते सोपं नव्हतं. थोरली जाऊ भिमाबाई आणि मुक्ताबाई यांचा बाजारात एकच ओटा. भिमाबाईंचे गुडघे गेलेले. त्यांना धक्क्यावर जाऊन लिलावात मासळी घेणं जमत नसे, त्या नुसत्या ओट्यावर बसून विकायच्या. पहाटे टेम्पोने जाऊन दोघींचा माल आणायचा तो मुक्ताबाईंनीच. त्यांचा पाय मोडला तर ओटा बंद, आणि ओट्यावर दोन घरं चालायची.

"माझे दोन गुडघे गेले, आता तुझेपन घालव," भिमाबाई म्हणाल्या. "मंग दोघी मिळून खाटंवर बसून माशा मारू."

"वयनी, कायपन होनार नाय."

"लंगडत आलीस तर या ओट्यावर पाय ठेवायचा नाय, सांगून ठेवते."

पावसाळी मासेमारीबंदीचे महिने आणि नंतरचा श्रावण सुखात गेला. होड्या किनाऱ्याला, गिऱ्हाईक उपासाला आणि मुक्ताबाई तलावाच्या काठी. त्यांचा पल्ला भराभर वाढला. क्षिप्राने आठवड्याचा बेत करून दिला होता, रविवारी लांब पळायचं आणि सोमवारी आराम. पण मासळीवालीला रविवारी सवड कुठली? मुक्ताबाईंनी तो बेत आपल्या सोयीने फिरवला. सोमवार, गुरुवार, शनिवार लोक मासे खात नाहीत, म्हणून ते दिवस पळण्याचे. उरलेले दिवस आरामाचे.

आरामाचे म्हणजे धक्का, लिलाव, डोक्यावर पाटी आणि मग दुपार उलटेपर्यंत ओट्यावर.

गणपती गेले आणि बाजार उसळला. त्याच आठवड्यांत मुक्ताबाईंच्या डाव्या नडगीत कळ यायला लागली. त्यांनी ती कोणाला सांगितली नाही. ओट्यावरून उतरताना त्या तोंड फिरवायच्या. पण एका शनिवारी तलावावर क्षिप्राने त्यांना पाऊल वाकडं टाकताना पाहिलं आणि जागेवर बसवलं.

"बोट ठेवून दाखवा, कुठे दुखतंय?"

मुक्ताबाईंनी नडगीवर नेमकं बोट ठेवलं. क्षिप्राने तिथे दाबलं तशी त्यांच्या तोंडून बाजारातली एक शिवी निसटली.

"हाडावर ताण आलाय. असंच पळालात तर तडकेल. आराम कधी करता तुम्ही?"

"करते की. मंगळवार, बुधवार, शुक्रवार, आयतवार."

"त्या दिवशी धक्क्यावर जात नाही?"

"जाते. पन ते काय काम हाय? ते रोजचंच."

क्षिप्राने बोटांवर आठवड्याचे दिवस मोजले. मग म्हणाली, "म्हणजे तुम्ही श्रावण संपल्यापासून एक दिवससुद्धा थांबलेल्या नाहीत. चूक माझी आहे. मी ऑफिसात बसणाऱ्यांचा आठवडा तुम्हाला दिला आणि विचारलं नाही."

पळणं बंद झालं. नवरात्र संपेपर्यंत मुक्ताबाई तलावाकडे फिरकल्यासुद्धा नाहीत. हाडांच्या डॉक्टरांनीही पाय तपासून तेच सांगितलं. या काळात त्या इतक्या चिडखोर झाल्या की गिऱ्हाइकं भाव न करताच मासळी घेऊन जायची. कळ पूर्ण गेल्यावर नवा बेत ठरला, या वेळी मासळीबाजाराच्या हिशेबाने. धक्क्याचा दिवस हा मेहनतीचा दिवस धरायचा. लांब पळणं गुरुवारी, सोमवारी थोडकं, तेही आधी चालत, मग हळूहळू धावत. शनिवारी काहीच नाही, कारण दुसऱ्या दिवशी रविवारचा बाजार. आणि धक्क्यावर पाटी हमालाने उचलायची.

"माझी पाटी दुसरा उचलनार?" यावर मात्र त्या भांडल्या. शेवटी हमालाच्या मागून त्याला सूचना देत चालायला लागल्या, तेव्हा त्यांना जरा बरं वाटलं.

क्षिप्राने एक नियम पक्का केला. सगळं अंग दुखलं तर चालेल. बोट ठेवून दाखवता येईल असं एकाच जागी दुखलं, तर तिथेच थांबायचं. मग शेवटचं पाऊल राहिलेलं असलं तरी.

शर्यतीचा रविवार मार्गशीर्षात आला. कितीतरी घरांत महिनाभर मासळी शिजत नाही. "धंदा मंदा हाय म्हनून सोडते," भिमाबाई म्हणाल्या. त्यांनी तोंड वाकडंच ठेवलं होतं.

शर्यत सुटली आणि सगळा घोळका एकदम पुढे सरकला. मुक्ताबाईंचे पाय शिवशिवले. लिलावात आधी हात घालणाऱ्याला चांगली मासळी मिळते, हे अंगात मुरलेलं. शेजारून धावणाऱ्या क्षिप्राने हाक दिली, "ताई, हा धक्का नाही! जाऊ द्या त्यांना."

मुक्ताबाईंनी जाऊ दिलं. तरुण पोरं गेली, टकलावर घाम चमकणारे गृहस्थ गेले. एक आजोबा तर जाताना "चला चला" म्हणून गेले. "जावा, पापलेट तुमी घ्या, मना बोंबील ठेवा," त्या मागून ओरडल्या. पाण्याच्या प्रत्येक टेबलापाशी त्या ठरल्याप्रमाणे चालल्या आणि घोट घोट पाणी प्यायल्या. क्षिप्राचा वेग जास्त होता, तीही पुढे गेली.

ऊन चढलं. रस्त्यावर आता जे पुढे गेले होते तेच चालताना दिसू लागले. आजोबा दुभाजकाला टेकून पोटरी चोळत होते. आणि तेव्हाच मुक्ताबाईंच्या डाव्या पायात काहीतरी चमकलं.

त्या कडेला झाल्या. शेवट फार लांब नव्हता, लाउडस्पीकर ऐकू येत होता. आसपास कोणी ओळखीचं नव्हतं. पण डोळ्यांपुढे बंद ओटा आला. त्यांनी वाकून नडगीवर बोट ठेवलं, दाबलं. खाली सरकवलं, पुन्हा दाबलं. मग उजव्या पायावर. पोटऱ्या दुखत होत्या, मांड्या दुखत होत्या, कंबर दुखत होती. बोट कुठेच ठरेना.

"सगळंच दुखतंय!" त्या आनंदाने मोठ्याने म्हणाल्या. शेजारून जाणारी मुलगी दचकलीच.

मुक्ताबाई थोडं चालल्या, मग आपल्या जुन्याच वेगाने धावू लागल्या, आणि एकामागून एक माणसं मागे टाकत शेवटच्या कमानीखालून गेल्या. क्षिप्राने त्यांना मिठी मारली. कोणीतरी गळ्यात मेडल घातलं.

कठड्यापाशी हिरवं लुगडं नेसून, काठी टेकत भिमाबाई उभ्या होत्या. ओटा शेजारणीवर टाकून रिक्षाने आल्या होत्या. त्यांनी मेडलकडे पाहिलंसुद्धा नाही.

"बस बघू."

"हितं? रस्त्यात?"

"बस. ओट्यावर बसतेस तशी."

मुक्ताबाई भर रस्त्यात, सगळ्यांसमोर, टाचा टेकून उकिडव्या बसल्या आणि कशालाही हात न लावता सरळ उभ्या राहिल्या. आजूबाजूच्या माणसांनी कशासाठी ते न कळताच टाळ्या वाजवल्या.

भिमाबाईंचा चेहरा हळूहळू सैल झाला. त्या जमलेल्या माणसांकडे वळल्या. "आमची जाऊ हाय. सारसोल्याची," त्या म्हणाल्या. आणि मग हात पुढे करून, "दे ते मेडल हिकडं. घामानं गंजंल."

परतीच्या रिक्षात मेडल भिमाबाईंच्याच गळ्यात होतं. त्या ड्रायव्हरला सगळी हकीकत सांगत होत्या. नेरूळ येईपर्यंत एकवीसचे तीस किलोमीटर झाले होते, आणि मुक्ताबाईंनी त्यात एकदाही दुरुस्ती केली नाही.